उशिराने सुटेल

बाबा: नवीन डॉक्टर म्हणजे काही देव नव्हे. जुन्यांनी काय सांगितलं होतं? 'डिले'. वाढीला उशीर. बस्स.

आई: तेव्हा चिमी तीन वर्षांची होती. आता नऊची आहे. पाच वर्षांपुढच्या मुलांना हा शब्द लावतच नाहीत, म्हणाल्या आजच्या डॉक्टरीणबाई.

बाबा: मग लावू दे की दुसरा! नाव बदलून आपली पोर बदलणार आहे का?

आई: पोर नाही, आपण बदललो असतो. उशीर म्हटलं, म्हणून वाट बघत बसलो. तुम्ही हौसेनं सायकल आणलीत. सासूबाई म्हणाल्या, हिचा बापसुद्धा उशिराच बोलायला लागला. मीही मान डोलावली. आणि चिमी पाचची असताना त्या विशेष शाळेच्या बाई घरी आल्या, त्यांना तुम्ही दारातूनच वाटेला लावलंत.

बाबा: मतिमंद म्हणाल्या त्या! माझ्या मुलीला!

आई: तो शब्द तेवढा ऐकलात. पुढचं नाही ऐकलंत. म्हणाल्या, आत्ता पाठवा, खुणांनी का होईना, सांगायला शिकेल. तहान लागली, दुखतंय, नको. काल गेले होते त्यांच्याकडे. म्हणाल्या, आणा, बघू काय जमतंय.

बाबा: एवढा मोठा डॉक्टर सांगतो म्हटल्यावर मी विश्वास ठेवला. चुकलं का माझं?

आई: दुसऱ्या कुणी ठेवला असता तर चाललं असतं. तुम्ही बसस्थानकात माइकवर बसता. गाडी रद्द झाली की काय पुकारता?

बाबा: त्याचा इथे काय संबंध?

आई: सांगा ना.

बाबा: आधी 'उशिराने सुटेल' असंच सांगतो. वरून तसंच बजावलेलं असतं.

आई: का?

बाबा: रद्द म्हटलं की लोक स्थानक डोक्यावर घेतात. दुसरी गाडी द्या म्हणतात.

आई: आणि उशीर म्हटलं की?

बाबा: ...बसतात बाकावर. गप.

आई: आपणही बसलो.

(आतल्या खोलीत काहीतरी आपटल्याचा आवाज. पुन्हा. पुन्हा.)

बाबा: काय हवंय तिला?

आई: पाणी देऊन बघा. पेला ढकलला, तर समजा दुखतंय.

बाबा: कुठे दुखतंय?

आई: तेच तर शिकवणार होत्या त्या बाई.