स्वस्तातलं रीळ

मी मासे पकडणं का सोडलं, विचारताय ना? माशाला फसवायला गळावर पिसांची खोटी माशी बांधतात. त्यासाठी मी परदेशी दोरा मागवायचो. एकदा तो संपला, म्हणून खडकीतल्या आमच्या शिंपीकाकांकडे स्वस्तातलं रीळ मागायला गेलो. काकांनी दोऱ्याला मेण लावलं आणि मी नेलेल्या गळावर स्वतःच एक माशी बांधून दाखवली. परदेशी दोऱ्यापेक्षा घट्ट! मी खूश.

"मासे आवडतात वाटतं?"

"छे हो, खात नाही. पकडतो, फोटो काढतो आणि लगेच पाण्यात सोडतो."

काकांनी गळाचं टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं. मग रीळ माझ्या हातात ठेवत शांतपणे म्हणाले, "न्या. माशी बांधून दोरा उरेल. सोडण्याआधी माशाचा फाटलेला ओठ तेवढा शिवत जा."