मामाजींचे हात

मी मूळची आर्वीची, वर्ध्याकडची. बाबांचा फोटो स्टुडिओ होता तिथं, त्यामुळे उजेड कुठून घ्यायचा, माणसाला कसं बसवायचं, हे मला शिकवावं नाही लागलं. लग्न करून इथं अमेरिकेत, हर्नडनला आली तर डिपेंडंट व्हिसा, नोकरी करता येत नाही, निखिल ऑफिसला गेला की मी आणि चार भिंती, काय सांगू तुम्हाला, टीव्हीशी बोलायची मी बाप्पा.

मग एका रविवारी, ते जुन्या सिव्हिल वॉरची, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या इथल्या यादवीची लढाई खेळून दाखवतात न, ती पाहायला गेलो, तर वॉल्टर म्हणून एक म्हातारे गृहस्थ त्या काळच्या पद्धतीनं फोटो काढून राहिले होते, पत्र्यावर. पातळ पत्रा, त्यावर औषध ओतायचं, ओलं आहे तोवर फोटो घ्यायचा. मी तिथून हललीच नाही. म्हटलं मला शिकवा. ते म्हणाले बोटं काळी होतील, म्हटलं होऊ द्या. शिकली, गॅरेजमध्ये डार्करूम केली. निखिल म्हणे यार, लोक डिजिटल घेऊन राहिले आणि तू मागं चालली. चालली तर चालली.

तेवढ्यात नागपूरहून माझे सासरे आले, मामाजी. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, पण आता पार्किन्सन्समुळे हात सारखे थरथरायचे, चारचौघांत शालीखाली लपवायचे ते. एक दिवस गॅरेजमध्ये येऊन म्हणाले, बेटा, माझा काढ. निखिलनं मला बाजूला घेतलं, अगं त्यात दहाएक सेकंद हलायचं नसतं न, बाबांना वाईट वाटेल, कॅन्सल कर. म्हटलं काम माझं आहे, मी पाहते.

डोकं स्थिर राहावं म्हणून मानेमागं लोखंडी स्टँड लावला, पूर्वीही लावायचे तसा. म्हटलं मामाजी, हात बाहेर घ्या. ते म्हणाले हलतील न. म्हटलं हलू द्या, तुमचेच आहेत.

पत्रा औषधात टाकला तसा चेहरा वर आला, एकेक सुरकुती, आणि मांडीवर हातांच्या जागी नुसता पांढुरका धूर. निखिल म्हणाला दुसरा काढू. मामाजींनी पत्रा उजेडाकडे धरून पाहिला.  मग म्हणाले, नाही रे, हाच. आयुष्यभर काही न काही काढत राहिले हे हात, आताच कसे स्वस्थ बसतील? त्या दिवशी टेबलावर सगळ्यांसमोर जेवले, वरण सांडलं तर सांडलं.

आता इथल्या मराठी मंडळातले लोक इंडियातून आईवडील आले की माझ्याकडे घेऊन येतात. तुम्हीही तुमच्या आई आल्या की त्यांना आणा. फक्त हसायला नका सांगू, इतका वेळ हसू टिकत नाही, जशा आहेत तशा बसू द्या, छान येतील.