साहेबांनी आणलेली आपत्ती

ढडाम, ढडाम! कोतवालाचं ते दवंडीचं डफडं मला अजून ऐकू येतं. चाळीसेक वर्षं झाली असतील. मोहगावजवळच्या आमच्या मराठी बोलणाऱ्या खेड्यात राजधानी भोपाळहून एक साहेब आले होते. सरकारी पडितात, म्हणजे पडीक जमिनीवर, चराई बंद करणारा कायदा येणार होता, त्यावर गावाचं म्हणणं त्यांना हवं होतं. सगळं हिंदीत वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "किसी को आपत्ति है?"

शेजारच्या गोदाबाईचं पोट बकऱ्यांवर. तिनं हात जोडले. "नाही जी साहेब. देवाच्या दयेनं यंदा काहीच आपत्ती नाही."

साऱ्यांनी माना डोलावल्या. साहेब खूश होऊन लिहू लागले.

मी हळूच म्हटलं, "गोदामाय, ते संकट नाही विचारून राहिले. हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत. पडितात बकऱ्या नेणं बंद करून राहिले ते."

"बंद? मंग माह्या बकऱ्या खातीन काय?"

साहेबांना तेवढं समजलं. "तो माई, आपत्ति है?"

"आता आली ना बाप्पा! तुम्हीच तर घेऊन आले!"

सारा गाव हसला, साहेबही हसले. गोदाबाई हसली नाही. तिनं बकऱ्या सोडल्या आणि पडिताकडे चालू लागली.