सीटचं तोंड कुणीकडं

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चानं रस्ता भरला होता, म्हणून पंक्चर काढून झालं तरी त्रिंबक औरंगपुऱ्यातल्या सायकलच्या दुकानातच थांबला. शेजारी मल्हारी लेकीला कडेवर घेऊन उभा होता. त्याची आई बानाबाई लहान मुलांची नवी वेताची सीट त्याच्या सायकलच्या हँडलला अडकवून हलवून बघत होती.

“आई, तोंड पुढं कर. दुनिया बघू दे तिला.”

“दुनिया कुठं पळून चालली व्हय? तुझ्याकडं कर. कोकरू उचललं तरी आपण छातीकडं धरतो, नायतर लई वरडतं.”

“ही काय कोकरू हाय?”

“दुकानदार, तुमीच सांगा याला.”

“मावशी, हुक दोन्हीकडनं बसतात. आत्ता बापाकडं तोंड ठेवा, लेकराची मान डुलली तर लगेच दिसती. मोठी झाली की फिरवा.”

मल्हारीनं लेकीला बसवलं. तिनं त्याच्या मिशाच धरल्या. बानाबाई हसली.

“हं, आता फिरव की.”

“राहू दे.”

रस्ता मोकळा झाला होता, पण त्रिंबकचा पाय निघेना.

“आई, मला कवा फिरवलंस गं?” मल्हारीनं विचारलं.

“म्या कुठं फिरवलं? वाळूजला कारखान्यात लागलास, तवा तूच फिरलास. पट्टा आवळ नीट तिचा.”