फोन कोणी केला

दारू पिऊन जीप चालवली म्हणून सहा महिने बंद असलेलं लायसन आरटीओच्या खिडकीतून नुकतंच परत मिळालं होतं. गोरेगाव नावाच्या खेड्यातला तो जीपवाला आणि त्याची बायको रांगेशेजारीच बोलत उभे होते.

“आता थेट जीपच्या थांब्यावर जातो. त्या संतरामच्या नाकासमोर धरतो हे.”

“आधी त्यायच्या घरी चला. पाया पडा त्यायच्या.”

“पाया? पोलिसाला फोन त्यानंच केला व्हता. माझ्या पाळीत त्याला त्याच्या जीपमधी सीटा भरायच्या व्हत्या.”

“त्यायनं न्हाई केला.”

“तुला काय म्हाईत? भर थांब्यावर कानफटात मारली मी त्याच्या. त्याच्या पोरीच्या लग्नाला गेलो न्हाई.”

“म्हून तर म्हणते.”

“मंग कोणी केला?”

“मी.”

“तू?”

“एसटीडीवरून. बाजाराच्या सोळा बाया बसल्या व्हत्या जीपमधी, दोघीच्या मांडीवर लेकरं. तुमाला चावी लावता येत नव्हती. हात धरला, तर ढकलून देलं मला.”

“अगं, सहा म्हयने माझ्यासंगं तूबी संतरामला शिव्या देल्या!”

“देल्या. भेव वाटत व्हतं तुमचं.”

“मंग आज काहून सांगून राहिली? आज तर लायसन भेटलं!”

“भेटलं म्हूनच सांगून राहिले. चौकीचा नंबर आजून पाठ हाय मला.”