अबोल्याचा नववा दिवस

नाही नाही, आत नको अजून — बसा इथंच ओट्यावर, तिचा आत्ताच डोळा लागलाय. अंधेरी स्टेशनपासून चालत आलात? अहो, घोडागाडी मिळते की चकाल्याच्या नाक्यापर्यंत — असो, पाणी घ्या, घाम बघा किती आलाय. सुट्टीच्या दिवशी एवढ्या लांब आलात आणि मी बडबडत उभा. सिस्टरनं चिठ्ठी दिलीय? राहू दे, चष्मा आत आहे माझा. तुम्ही कुंदाबाई, त्या वॉर्डातल्या आया, एवढं पुरे मला. ज्युलियाला तुम्ही चांगलं ओळखता — खाट नंबर अकरा, बरोबर ना? तीन महिने तुम्हीच तिचं सगळं केलंत. आणि मी तिचा नवरा, बर्नार्ड, चार ते सहा स्टुलावर येऊन बसायचा तो, टोपी मांडीवर घेऊन. आलं लक्षात? येणारच. दोन तास एक शब्द न बोलता बसणारे तुमच्या वॉर्डात किती असतील.

आज आठ दिवस झाले तिला घरी आणून. डिस्चार्ज देताना मोठ्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, आमचं काम झालं, आता पुढचं घरच्यांचं. काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात, डाव्या हातानं जेवतात, उजव्या हाताला वाल वेचायला द्या, ह्या वाटीतून त्या वाटीत — ते तुम्हीच शिकवलंत ना तिला? — आणि पंधरा-वीस शब्द बोलतात. दिवसभर बोलत राहा त्यांच्याशी, म्हणाले, बोलणं परत येईल. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? तेव्हापासून हा ओटा म्हणजे नुसता बाजार झालाय. विनी — आमची मुलगी, वांद्र्याला असते — ती म्हणते, मम्मीला माझ्याकडे द्या. तिचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन पोरं, नवरा गोदीत पाळीवर, आणि संडास गॅलरीच्या टोकाला — काठी घेऊन कशी जाणार ही? पण विनी ऐकेल तर. चर्चचे फादर म्हणतात, मदर लोकांच्या आश्रमात एक खाट रिकामी आहे, स्वच्छ आहे, रोज मिस्साची प्रार्थना आहे, रविवारपर्यंत कळव. आणि तिसरं म्हणजे हे माझं, तुम्हाला इथं तिच्या देखभालीला ठेवायचं. तिघांची तीन तोंडं, आणि प्रत्येकाला वाटतं बर्नार्डला अक्कल नाही. तशी ती नाहीच म्हणा. चौतीस वर्षांत मी चहा केला नव्हता, कुंदाबाई. पहिल्या दिवशी केला तर शेजारचा लिओनार्ड म्हणाला, हा ठेव तसाच, झुरळं मरतील.

शिकतो पण. पेज जमते आता. मासळी जमते थोडी, मसाला तिनंच भरून ठेवलाय बाटल्यांत, उन्हाळ्यात कुटलेला. तिची वेणी जमत नाही — मी घातली की केस तोंडावर येतात तिच्या, आणि ती एका हातानं मागं सारत बसते. नाही, ओरडत नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तुम्हाला सांगतो, ती तिथं होती ते तीन महिने मी ह्या घरात एकटा होतो, सरळ सांगतो, एकटा पडलो होतो. जेवायचो कुठं? इथंच, पायरीवर, ताट मांडीवर. आत बसून जेवलं की तोंडाचा आवाज ऐकू यायचा स्वतःच्याच. लिओनार्ड म्हणायचा, ये रे माझ्याकडे, थोडी गाळलीय, दारूबंदी काय ती तिकडे मुंबईत — गेलो एकदा. घरी येऊन रडलो. परत नाही गेलो. मनात एकच, ती घरी आली की सगळं जागेवर येईल. आणि ती आली. आणि, काय सांगू — ती आहे आत, मी आहे बाहेर, आणि अजून तसंच आहे.

बोलत नाही ती. आठ दिवसांत एक शब्द नाही. पंधरा-वीस म्हणाले होते डॉक्टर, कुठं गेले ते? मी बोलतो, डॉक्टरांनी सांगितल्यासारखा — ज्युलिया, आज बांगडे आलेत, ज्युलिया, लिओनार्डची शेळी व्याली — ती भिंतीकडे बघते. म्हणून विचारतो. वॉर्डात ती तुमच्याशी बोलायची ना? खरं सांगा. — रोज? — काय बोलायची? पाणी. बरं. उशी. नुसतं 'कुंदा' म्हणून हाक मारायची? बाई नाही, कुंदा? हसायची पण? नाही, चांगलं आहे की, मला वाईट कशाला वाटेल. आणखी काय? — काय म्हणालात? — शेत?

शेत म्हणायची.

तुम्हाला वाटलं असेल गावची आठवण काढते. साहजिक आहे. अहो, ती खाचरं तिच्या बापाची. कुर्ल्याच्या रस्त्याला लागून आहेत, लग्नात दिली त्यानं आम्हाला, कागदावर नाव माझं लागलं, तेव्हा तसंच लागायचं. भात लावायला मी असायचो आणि बांधावर उभी राहून सांगायला ती — इथं दाट झालं, तिथं पातळ झालं — मला राग यायचा, पण पीक यायचं. एक शेठ आला, शेड घालायचीय कारखान्याची, आजूबाजूच्या सगळ्यांनी दिली, मी पण दिली. सही करून आलो आणि मग घरी सांगितलं. आधी विचारलं असतं तर नाही म्हणाली असती, म्हणून नाही विचारलं. लपवतो कशाला आता? तिनं ऐकलं, हात पुसले, आणि त्या दिवसापासून अबोला.

आता आमच्या घरात अबोला म्हणजे काही नवीन नाही हां. नवराबायको म्हटलं की आलंच. विनी लहान होती तेव्हा दोघांच्या मध्ये तीच धावायची — पप्पांना सांग पाणी तापलंय, मम्मीला सांग मला भूक नाही — चार दिवस असं चालायचं, मग पोरगीच कंटाळून हसायची, की आम्ही पण हसायचो. ह्या खेपेला मध्ये कुणी नव्हतं. विनी तिकडे, आणि भिंतीमार्फत काय निरोप पाठवणार? चार झाले, सहा झाले, आठ दिवस झाले. जेवण वाढायची, कपडे धुवायची, तोंडातून अक्षर नाही. मी पण नाही बोललो. मी का बोलू, असं. नवव्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी बसलेली, आणि हातातला कप पडला तिच्या. फुटला. मला वाटलं आपटला. मी म्हटलं, काय झालं? तिनं नुसतं बघितलं माझ्याकडे. तोंड जरा वाकडं केलं. मला वाटलं — कुंदाबाई, मला वाटलं ती मला वेडावून दाखवतेय.

मी म्हणालो, पुरे झाली तुझी नाटकं. आणि गेलो. शेठच्या माणसाला हद्द दाखवायची होती.

दुपारी तीनला आलो. ती तिथंच होती. चुलीपाशी, आडवी, कपाचे तुकडे तसेच, डोळे उघडे. दाराकडे बघत होती. सहा-सात तास बाई. शेजारीच लिओनार्डची बायको, हाक मारली असती तर धावली असती — पण हाक मारायला तोंड कुठं होतं तिला? तुमच्या डॉक्टरांनी विचारलं, लकवा केव्हा मारला? मी म्हटलं, आत्ता, दुपारी. त्यांनी लिहून घेतलं. विनीला दुपारी म्हणून सांगितलं, फादरला दुपारी म्हणून सांगितलं — कन्फेशनला गेलो, गुडघे टेकले, आणि तिथंही शेताचं सांगून उठलो, सकाळचं नाही सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, लवकर आणलं असतं तर हात थोडा जास्त सुटला असता. त्यांनी सहज म्हटलं. मला झोप नाही त्या दिवसापासून. तुम्हाला का सांगतोय कळत नाही. तुम्ही वेणीबद्दल विचारायला आलात — नाही, मीच काढलं वेणीचं.

पण आता कळलं ना तुम्हाला माझं दुखणं काय आहे ते? दोन अबोले आहेत. एक आजाराचा, एक माझा. ह्यातला आत कुठला बसलाय ते मला ओळखू येत नाही, तेव्हाही नाही आलं. आजाराचा असेल तर मी करीन सगळं, हाताला तेल लावीन, वाल वेचायला बसवीन, वर्ष लागू दे. पण तुम्ही म्हणता वॉर्डात बोलायची, हसायची. म्हणजे माझ्या घरात पाऊल टाकलं आणि तोंड मिटलं. मग मी तिला इथं ठेवतो ते कुणासाठी ठेवतो? तिच्यासाठी की माझ्यासाठी? आश्रम नको, वांद्रे नको म्हणतो — जिन्याचं निमित्त आहे हो. मला रिकामं घर नकोय परत. एवढंच आहे ते.

थांबा. — काठी वाजली. उठली वाटतं.

एक करा कुंदाबाई. ठेवायचं की नाही, केव्हापासून यायचं, ते मागून बोलू. आधी आत जा आणि तिला विचारा, तुला कुठं राहायचंय. विनीनं ठरवलं, फादरनं ठरवलं, मी तुम्हाला बोलावून माझं ठरवून बसलो होतो, आणि तिला कुणी विचारलंच नाही. मी विचारलं तर भिंतीकडे बघेल. तुमच्याशी बोलेल. वांद्रे म्हणाली तर रविवारी मी स्वतः पोचवतो, तिला उचलून जिना चढवतो. आश्रम म्हणाली तर आश्रम. हे घर म्हणाली तर — नाही, ते मी धरून चालत नाही. काय म्हणेल ते म्हणू दे, तुम्ही मध्ये शब्द घालू नका तिच्या तोंडात. आणि नुसतं विचारू नका, बर्नार्ड विचारतोय म्हणून सांगा. बाहेर बसलाय म्हणावं. आणि हेही सांगा, की त्या दिवशी सकाळी त्याला खरंच कळलं नाही, त्याला वाटलं —

नको. हे नका सांगू. हे मलाच सांगायला पाहिजे, ती ऐको न ऐको. तुम्ही तेवढं पहिलं विचारा. जा, हाक मारतेय ती तुम्हाला. आवाज ऐकलान वाटतं तुमचा. जा ना. दार लोटून घ्या.