कोऱ्या साडीची घडी

हसा तुम्ही! बाहत्तर साली कोल्हारला बिजवराशी लग्न करून गेले, तेव्हा मीही अशीच हसले होते. एम.ए.साठी इंग्रजी कादंबरी वाचत होते, तर सासूबाईंनी गोष्ट विचारली.

“नवऱ्याच्या मनातून मेलेली पहिली बायको जात नाही, आत्याबाई. दुसरीला घरभर तीच जाणवते.”

“मग दुसरीनं सवतीचा टाक गळ्यात घातला न्हाई व्हय? नवी साडी आदी तिला दावायची, मंग आपन नेसायची.”

माझ्या मेलेल्या सवतीच्या नावाचा, लग्नात माझ्या गळ्यात घातलेला चांदीचा टाक मी कधीच काढून पेटीत टाकला होता, दिवाळीच्या कोऱ्या साडीवर.

दिवाळीला पेटी उघडली, तर साडीची घडी मोडलेली आणि पदराला कुंकू.

सासूबाई विधवा. मी टिकली लावायचे. त्या घरात कुंकू लावणारी एकच होती, आणि ती जाऊन दोन वर्षं झाली होती.